मोठ्या शहराशेजारचं स्वतंत्र गाव: गेर्लिंगेन, स्टुटगार्ट प्रदेश आणि आपलं हिंजवडी

नाशिकमध्ये ज्या कारखान्याच्या जुन्या नावाचा ‘मायको सर्कल’ हा चौक आजही आहे, त्या बॉश कंपनीचं मुख्यालय कुठे, असं विचारलं तर आपण सहज ‘स्टुटगार्टला’ म्हणून सांगतो. पत्ता मात्र १९७० पासून गेर्लिंगेनचा आहे. स्टुटगार्टच्या पश्चिमेला, शिलरहोहे नावाच्या जंगलाळ टेकडीवर कंपनीची मुख्य कचेरी उभी आहे. खाली स्ट्रोहगॉयची सुपीक शेतजमीन सुरू होते, उतारावर द्राक्षमळे आहेत आणि मधे वीस हजारांच्या आतली वस्ती. या गावाला शहराचा दर्जा १९५८ मध्ये मिळाला. स्टुटगार्ट इतकं जवळ आहे की त्या महानगराची यू-६ ही लोहमार्गी गाडी गेर्लिंगेनमध्येच संपते. तरीही गेर्लिंगेन स्टुटगार्टमध्ये नाही. त्याचा महापौर वेगळा, सभा वेगळी, अंदाजपत्रक वेगळं, जिल्हाही वेगळा.

मोठ्या शहराला चिकटलेलं, जगभर पसरलेल्या कंपनीचा पत्ता असलेलं हे छोटं गाव आजवर गिळलं कसं गेलं नाही? आणि गिळलं गेलं नाही, तर मग रस्ते, गाड्या, पाणी, मोकळी जमीन यांचा हिशेब शेजारच्या शहराबरोबर कसा लागतो? या दोन प्रश्नांच्या निमित्ताने प्रदेशाच्या कारभाराचा आढावा इथे घेतो आहे, कारण पुण्याच्या आणि मुंबईच्या भोवती राहणाऱ्या लाखो मराठी माणसांचा हाच प्रश्न आहे आणि आपण त्याला आजवर फार तोकडं उत्तर दिलं आहे.

गावापासून सुरुवात करू. बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याचा नगर-कायदा १९५५ चा. त्याने महापौर थेट लोकांनी निवडावा असं ठरवलं आणि ते आजही तसंच आहे. मुदत आठ वर्षांची. महापौर प्रशासनाचा प्रमुख असतो, सभेचा अध्यक्षही असतो आणि सभेत त्याला मतही असतं. आपल्याकडे आयुक्त आणि महापौर, मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष अशी जी दोन तोंडं असतात, ती तिथे नाहीत. काम झालं तर श्रेय कोणाचं आणि बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. महाराष्ट्रात थेट नगराध्यक्षाची पद्धत २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट सरपंचाचंही तसंच झालं. पद्धत कोणती चांगली यावर वाद होऊ शकतो. पण सरकार बदललं की गावाची घटना बदलायची, याने कुठलीच पद्धत रुजत नाही.

सभेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते: २००९, २०१४, २०१९, २०२४. दहा ते वीस हजार वस्तीच्या गावाला कायद्याने २२ सदस्य मिळतात आणि जितके सदस्य तितकी मतं प्रत्येक मतदाराच्या हातात असतात. ही २२ मतं हवी तशी वाटता येतात. एकाच उमेदवाराला तीनपर्यंत मतं देता येतात, एका पक्षाच्या यादीतले चार आणि दुसऱ्या पक्षाच्या यादीतले सहा असं एकत्रही करता येतं. मतपत्रिकांचा गठ्ठा आधीच घरी येतो, म्हणजे जेवणाच्या टेबलावर बसून नावं वाचत, आठवत, चर्चा करत मतं मांडता येतात. त्यामुळे पक्षाच्या चिन्हापेक्षा गावातला डॉक्टर, शिक्षिका, द्राक्षमळेवाला, अग्निशमन दलाचा स्वयंसेवक यांना वजन येतं. कुठल्याच राष्ट्रीय पक्षाशी न बांधलेल्या ‘मुक्त मतदार’ गटांची या राज्यातल्या गावोगावी जी ताकद आहे, ती याच पद्धतीमुळे. २०१४ पासून १६ वर्षांच्या मुलामुलींनाही गावाच्या निवडणुकीत मत आहे.

इथे आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. युरोपीय संघाच्या कुठल्याही देशाचा नागरिक गेर्लिंगेनमध्ये राहत असेल तर त्याला गावाच्या निवडणुकीत मत देता येतं. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला, ते कितीही वर्षं कर भरत असलं तरी, देता येत नाही. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाची वाट मोकळी केली, पण भारत ती मान्य करत नाही. बालवाडीची फी ज्या सभेत ठरते त्या सभेबाबत या आईबापांना मत नाही, हे या व्यवस्थेतलं खरं उणेपण आहे आणि ते तिथल्या लोकांनीही मान्य करायला हवं.

बालवाडी, शाळांच्या इमारती, पाणी, गल्लीतले रस्ते, अग्निशमन दल, जन्म-विवाहाच्या नोंदी, पत्त्याची नोंद, जमिनीच्या वापराचा आराखडा ही गावाची कामं. शाळेची इमारत गावाची, पण शिक्षकांचा पगार राज्याचा; पोलीसही राज्याचे. जर्मन राज्यघटनेच्या २८व्या कलमाने गावांना आपला कारभार आपण करण्याचा हक्क दिला आहे आणि तो नुसता कागदावर राहत नाही, कारण त्याला पैसा जोडलेला आहे. उद्योगांवरच्या कराचा दर गावाची सभा ठरवते. घर-जमिनीचा कर गावाचा, आणि २०२५ पासून या राज्यात तो फक्त जमिनीच्या किमतीवर आकारला जातो, वरच्या बांधकामावर नाही. गावात राहणाऱ्यांच्या आयकरातला १५ टक्के वाटा नगरपालिकांकडे येतो. एखाद्या कंपनीच्या कचेऱ्या आणि कारखाने अनेक गावांत असतील, तर उद्योगकर प्रत्येक ठिकाणी दिल्या जाणाऱ्या पगारांच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे मुख्यालयाच्या पाटीमुळे सगळा कर गेर्लिंगेनला मिळत नाही. टेकडीवर खुर्चीत बसून जितकी माणसं पगार घेतात त्या मानाने मिळतो.

अर्थात, एका मोठ्या कंपनीच्या सावलीत राहण्याची किंमतही असते. कंपनीचा नफा आटला की गावाच्या तिजोरीला ते लगेच जाणवतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने आणखी सुमारे १३ हजार नोकऱ्या, त्यातल्या बहुतेक जर्मनीतल्या, कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या बातमीचा अर्थ आसपासच्या प्रत्येक नगरपालिकेने आपल्या अंदाजपत्रकात शोधला असणार. मुळात सगळ्या जर्मनीतल्या नगरपालिका आणि जिल्हे तंगीत आहेत: २०२४ मध्ये त्यांची एकूण तूट २४.८ अब्ज युरोवर गेली. जर्मन स्वराज्य संस्था म्हणजे नुसती सुबत्ता, असं चित्र आपण रंगवू नये.

गेर्लिंगेनच्या वरचा थर म्हणजे लुडविग्सबुर्ग जिल्हा: ३९ गावं-शहरं, साडेपाच लाखांच्या आसपास लोक, क्षेत्रफळ ६८७ चौरस किलोमीटर. पुणे जिल्हा याच्या बावीस पटींहून मोठा आहे, तेव्हा हा जिल्हा आपण तालुक्याच्या मापाने समजून घ्यावा. इस्पितळं, व्यवसाय शिक्षणाच्या शाळा, कचरा, जिल्हा रस्ते, समाजकल्याण, वाहनांची नोंदणी ही जिल्ह्याची कामं. परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना वाढवायचा असेल तर गेर्लिंगेनकराला लुडविग्सबुर्गच्या जिल्हा कचेरीकडेच जावं लागतं. शेजारच्या डित्सिंगेनकराला तसं जावं लागत नाही, कारण डित्सिंगेनला ‘मोठ्या जिल्हा-शहरा’चा दर्जा आहे आणि ती कामं त्याच्याकडे सोपवलेली आहेत. हा दर्जा मागायला २० हजार लोकसंख्या लागते आणि गेर्लिंगेन त्या रेषेच्या जरा खाली आहे. स्टुटगार्ट शहर मात्र कुठल्याच जिल्ह्यात नाही, जशी आपल्याकडची महापालिका जिल्हा परिषदेच्या बाहेर असते.

जिल्ह्याचा प्रमुख ‘लांडराट’. त्याला निवडून आलेली जिल्हा सभा आठ वर्षांसाठी निवडते. तो सभेच्या निर्णयांची अंमलबजावणी करतो आणि त्याच कचेरीतून राज्याची कामंही पाहतो, गावांच्या कारभारावर देखरेखही ठेवतो. ही देखरेख कायद्यापुरती: गावाने घेतलेला निर्णय कायद्यात बसतो का, एवढंच तो पाहतो, निर्णय शहाणपणाचा आहे का, हे ठरवणं गावाचं काम. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्हाधिकारी त्यांच्या बाहेर राहिला. त्या काळी ते मोठं धाडस होतं आणि पुढच्या दोन दशकांत महाराष्ट्राच्या ग्रामीण नेतृत्वाची जी पिढी घडली ती याच परिषदांमधून. पण हळूहळू पैशाच्या किल्ल्या जिल्हाधिकारी कचेरीकडे आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडे गेल्या. लुडविग्सबुर्गमध्ये ज्या दोन खुर्च्या एकच माणूस सांभाळतो आणि तो माणूस लोकप्रतिनिधी निवडतात, त्या आपल्याकडे तीन-चार माणसांत वाटल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या सगळ्यात वजनदार खुर्च्या मंत्रालयातून भरल्या जातात.

जिल्ह्याच्या वर चार प्रशासकीय विभाग आहेत: स्टुटगार्ट, कार्ल्सरुह, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन. ही राज्याचीच मधली कचेरी, आपल्या विभागीय आयुक्तालयासारखी. तिथे निवडणूक नाही.

आता या रचनेतल्या सगळ्यात महत्त्वाच्या थराकडे येतो.

१९७३ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गने जिल्हे ६३ वरून ३५ वर आणले. त्याच सुमारास गावांची संख्या ३,३७९ वरून १,१११ पर्यंत खाली आली. विलीनीकरणाच्या त्या लाटेत अनेक गावांची सही नाखुशीने झाली आणि त्याची सल कित्येक ठिकाणी दीर्घकाळ राहिली. गेर्लिंगेन मात्र स्वतंत्र राहिलं. पण विलीनीकरणाने मूळ दुखणं मिटलं नाही. स्टुटगार्ट प्रदेशात सुमारे २८ लाख लोक राहतात आणि त्यातले साधारण सहा लाखच खुद्द स्टुटगार्टमध्ये. बॉशचं मुख्यालय गेर्लिंगेनमध्ये, यंत्रं बनवणारी ट्रुम्फ डित्सिंगेनमध्ये, मर्सिडीजचा प्रचंड कारखाना झिंडेलफिंगेनमध्ये, पोर्शेचं संशोधन केंद्र वाइसाखमध्ये, विमानतळ आणखी दक्षिणेला. सकाळी लाखो माणसं या हद्दी ओलांडतात आणि संध्याकाळी परततात. कर एका गावाला, गर्दी दुसऱ्याला, नाट्यगृहाचा खर्च तिसऱ्याला. १९९२-९३ च्या मंदीत जेव्हा मोटार उद्योगाला जबर फटका बसला, तेव्हा हा विस्कळीतपणा परवडणारा नाही हे सगळ्यांना कळलं.

त्यावर एर्विन टॉयफेल यांच्या सरकारने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. स्टुटगार्टची हद्द त्यांनी वाढवली नाही. १९९४ च्या कायद्याने स्टुटगार्ट शहर आणि ब्योब्लिंगेन, एसलिंगेन, ग्योपिंगेन, लुडविग्सबुर्ग, रेम्स-मुर हे पाच जिल्हे मिळून ‘स्टुटगार्ट प्रदेश-संघ’ उभा केला. एकूण १७९ गावं-शहरं, ३,६५४ चौरस किलोमीटर. राज्यात असे बारा प्रदेश आहेत, पण बाकीच्या ठिकाणी प्रादेशिक सभेचे सदस्य थेट मतदानाने येत नाहीत. इथे लोक ती सभा स्वतः निवडतात. ऐंशीहून अधिक सदस्यांच्या या सभेची निवडणूक गावाच्या आणि जिल्ह्याच्या निवडणुकीबरोबर, त्याच दिवशी होते. शेवटची ९ जून २०२४ ला झाली.

संघाची कामं मोजकी आहेत आणि म्हणूनच ती होतात. संपूर्ण प्रदेशाचा जमीन-वापराचा आराखडा तो करतो. उपनगरी रेल्वे त्याच्या जबाबदारीवर चालते: किती गाड्या, किती वाजेपर्यंत, कुठे वाढवायच्या हे सभा ठरवते, गाड्या जर्मन रेल्वेची कंपनी चालवते. उद्योगांना जागा दाखवणं आणि प्रदेशाची एकत्र ओळख उभी करणं हेही त्याच्याकडे. आराखड्यातले हिरवे पट्टे ही त्याची सगळ्यात मोठी ताकद. दोन गावांच्या मधली शेतं आणि राई बांधकामासाठी खुली करायची नाहीत असं एकदा आराखड्यात आलं की गावाच्या सभेला ते मोडता येत नाही. मोठ्या मॉलला गावाबाहेर कुठेही जागा देता येत नाही. स्टुटगार्टभोवती फिरताना गावं संपतात, शेतं लागतात, पुन्हा गाव येतं. पुणे-सातारा किंवा पुणे-नगर रस्त्यासारखी सलग भिंत उभी राहत नाही, त्याचं कारण हवामान किंवा जर्मन स्वभाव नाही. एक निवडून आलेली संस्था नकाशावर रेषा मारते आणि ती रेषा पाळावी लागते. अलीकडे याच आराखड्यांतून राज्याच्या किमान १.८ टक्के जमिनीवर पवनचक्क्यांना आणि ०.२ टक्क्यावर सौर प्रकल्पांना जागा राखायची होती. ते काम तर गावागावांत वाद पेटवणारं, पण वाद निवडलेल्या सभेत तरी झाला.

यू-६ गाडी या व्यवस्थेचा चांगला नमुना आहे. डिसेंबर २०२१ पासून ती गेर्लिंगेनहून निघून स्टुटगार्टच्या मध्यातून थेट विमानतळापर्यंत जाते. वाटेत लुडविग्सबुर्ग जिल्हा, स्टुटगार्ट शहर आणि एसलिंगेन जिल्हा अशा तीन हद्दी येतात. गाडी स्टुटगार्ट शहराच्या मालकीच्या कंपनीची, तिकीट मात्र १९७८ पासून चालत आलेल्या सामायिक तिकीट-मंडळाचं. प्रवाशाच्या हातातलं तिकीट यू-६लाही चालतं, प्रदेश-संघाच्या उपनगरी रेल्वेलाही आणि बसलाही.

दोषही सांगतो. संघाला स्वतःचा कर लावता येत नाही. सदस्य जिल्हे आणि गावांकडून वर्गणी येते आणि राज्याकडून अनुदान. ज्याच्याकडून वर्गणी घ्यायची त्यालाच ‘तुझ्या शेतावर मॉल नको’ म्हणायचं, हे अवघड आहे. शिवाय गावांचे महापौर जिल्हा सभेत आणि प्रादेशिक सभेतही निवडून येऊ शकतात आणि येतात, त्यामुळे प्रदेशाच्या टेबलावर गावाचा हिशेब डोकावत राहतो. अनेक मतदारांना ही तिसरी मतपत्रिका नेमकी कशाची, हे सांगता येत नाही. तरीही ती आहे.

उत्तर युरोपातल्या देशांनी प्रदेशाचा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला. स्वीडनमध्ये २१ प्रदेश आणि २९० नगरपालिका आहेत. प्रदेशांचं मुख्य काम आरोग्यसेवा आणि त्यांना स्वतःचा आयकर लावता येतो. नगरपालिका आणि प्रदेश मिळून हा स्थानिक आयकर सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास जातो. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या, जुने जिल्हे मोडून पाच प्रदेश केले, त्यांना इस्पितळं दिली पण कर काढून घेतला. २०२७ पासून पूर्वेकडचे दोन प्रदेश एक होत आहेत. फिनलंडने जानेवारी २०२३ पासून आरोग्य आणि समाजसेवा २१ नव्या ‘कल्याण प्रदेशां’कडे सोपवली, त्यांच्या सभा निवडणुकीने आल्या, पैसा मात्र सरकारच देतं. नॉर्वेचा अनुभव आपल्याला जास्त उपयोगी. तिथे २०२० पर्यंत १९ जिल्ह्यांचे ११ केले. विकेन नावाचा एक अवाढव्य प्रदेश जन्माला आला, लोकांना तो आपला वाटला नाही, आणि २०२४ मध्ये तो आणि आणखी दोन प्रदेश पुन्हा मोडले गेले. संख्या १५ झाली. वरून रेषा पुसता येतात, पण लोकांना विचारल्याशिवाय पुसल्या तर परत काढाव्या लागतात.

ही गोष्ट पुण्याला नवी नाही. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत ११ गावं घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं पुढे वगळून त्यांची वेगळी नगर परिषद करावी लागली. कर महापालिकेचा, सुविधा गावाच्या, असं म्हणून लोक चिडले होते. आपल्याकडे शहर वाढलं की एकच औषध काढलं जातं: शेजारची गावं आत घ्या.

गेर्लिंगेनशी खरी तुलना करायची तर हिंजवडीची. तेही मोठ्या शहराला चिकटलेलं, जगातल्या नामवंत कंपन्यांचा पत्ता असलेलं गाव. पण हिंजवडी, माण, मारुंजी इथे आहे ती ग्रामपंचायत. औद्योगिक भाग एमआयडीसीचा. विकास परवानग्या आणि हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. बस पीएमपीएमएलची. पोलीस २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की तिथल्या नोकरदाराने जायचं कोणाकडे? सरपंचाकडे अधिकार नाही, महापालिकेची हद्द नाही, आणि ज्यांच्याकडे अधिकार आहे त्या संस्थांमध्ये त्याने निवडलेला एकही माणूस नाही. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. त्यांच्या हाती सुमारे सात हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे, स्टुटगार्ट प्रदेशाच्या जवळपास दुप्पट. मुंबईत १९७५ पासून एमएमआरडीए आहे, तिची कथा फार वेगळी नाही.

७४व्या घटनादुरुस्तीने यावर विचार केला होता. कलम २४३ झेडई महानगर नियोजन समिती सांगतं आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी निवडावेत असंही सांगतं. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ मध्ये कायदा केला. पण समिती नियोजनापुरती, तिच्याकडे अंमलबजावणीची यंत्रणा नाही आणि सामान्य मतदार तिला थेट निवडत नाही. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी १९९४ मध्ये आलेली वैधानिक विकास मंडळंही अनुशेष मोजण्यापलीकडे कारभाराची संस्था कधी झाली नाहीत, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्याहून गंभीर म्हणजे २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांची मुदत संपली, तिथे प्रशासक बसले आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. गेर्लिंगेनमध्ये एवढ्याच काळात एक निवडणूक ठरल्या दिवशी होऊनही गेली.

महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग यांच्यात भागीदारीचा करार आहे, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. आजवर या नात्यातून शिष्टमंडळं गेली, कारखाने आले. आता कारभाराचा हा एक भाग मागून आणावा. पुणे महानगर प्रदेशाला थेट मतदानाने निवडलेली सभा द्या. तिच्याकडे प्रवासी वाहतूक, जमिनीचा आराखडा, कचरा आणि पाण्याचा स्रोत एवढीच कामं द्या, पण ती पूर्ण द्या. तिला उत्पन्नाचं स्वतःचं साधन द्या, म्हणजे स्टुटगार्टची वर्गणीवर अवलंबून राहण्याची उणीव इथे राहणार नाही. पीएमआरडीए या सभेची अंमलबजावणी यंत्रणा व्हावी. हिंजवडीला नगर परिषदेचा दर्जा आणि तिथल्या उद्योगांच्या करातला तिचा वाटा मिळावा. यातल्या बऱ्याच गोष्टी राज्य विधिमंडळाच्या अखत्यारीत आहेत. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पुणे आणि मुंबईच्या भोवती राहणाऱ्या वाचकांनी एवढं विचारावं: आमच्या प्रदेशाचा कारभार करणारी माणसं आम्ही कधी निवडणार?